डेंग्यूच्या यादीत कोण दिसते, कोण दिसत नाही?

वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत उपचारांपेक्षा ‘हा आजार नेमका कोणाला होतो’ याच प्रश्नावर भर होता, म्हणून या अंकातील सर्व जागा त्यालाच दिली आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढील उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : मी कोपरखैरणे येथील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या परिसरातील डेंग्यूच्या रुग्णांची यादी आरोग्यसेविकांसोबत बसून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण वीस ते चाळीस वर्षांचे पुरुष असल्याचे दिसले. मुले थोडी होती आणि वृद्ध तर अगदी मोजके. डेंग्यू हा प्रामुख्याने लहान मुलांचा आजार आहे असे आम्ही ऐकत आलो. मग हा डास तरुण पुरुषांनाच अधिक चावतो का? आणि आम्ही विशेष काळजी कोणाची घ्यावी? (कोपरखैरणे)

उत्तर : चावताना डास वय किंवा लिंग निवडत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, त्वचेचा गंध आणि शरीराची ऊब यांच्या मागाने, हे तिन्ही आजार पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी माणसापर्यंत पोहोचते आणि काही व्यक्तींकडे ती अधिक ओढली जाते, हे खरे. परंतु तुमच्या यादीतला फरक एवढ्याने उलगडत नाही. यादीत नाव येण्यासाठी माणूस मुळात त्या वस्तीत राहत असावा लागतो, विषाणू असलेला डास त्याला चावावा लागतो, लक्षणे जाणवण्याइतका आजार व्हावा लागतो आणि शेवटी त्याने रक्त तपासून घ्यावे लागते. यातल्या प्रत्येक पायरीवर काही माणसे मागे राहतात, आणि ती सर्व वयांतली, सर्व थरांतली सारख्या प्रमाणात नसतात.

वस्तीपासून सुरुवात करू. नवी मुंबई हे १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर आखून वसवलेले आणि बव्हंशी कामधंद्यासाठी आलेल्या माणसांनी भरलेले शहर आहे. अशा शहरात तरुण आणि त्यांतही पुरुष मुळातच अधिक असतात; २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८८६ स्त्रियांची नोंद झाली होती. त्यामुळे रुग्णांची नुसती संख्या पाहून चालत नाही, ती त्या वयोगटाच्या लोकसंख्येने भागावी लागते. उदाहरणासाठी एक काल्पनिक विभाग घ्या. त्यात वीस ते चाळीस वयाचे ५,००० आणि साठीपुढचे ५०० रहिवासी आहेत, आणि रुग्ण अनुक्रमे ५० आणि ८ आहेत. यादी चाळताना तरुण रुग्ण सहापट दिसतील, परंतु दर हजारी प्रमाण तरुणांत १० आणि वृद्धांत १६ निघेल. म्हणजे यादीत जे अगदी मोजके दिसले, त्यांनाच या विभागात अधिक धोका होता. दुर्दैवाने २०११ नंतरची जनगणना लांबत गेल्यामुळे भागाकारासाठी वापरायची लोकसंख्या जुनी झाली आहे. घणसोली किंवा उलवे यांसारख्या झपाट्याने वाढलेल्या भागांसाठी जुने आकडे वापरले तर रुग्णदर अकारण फुगलेला दिसेल, हे लक्षात ठेवावे.

आता तपासणीची पायरी पाहू. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या दर चार जणांपैकी साधारण तिघांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत किंवा अगदी किरकोळ त्रास होतो. उरलेल्या एकाला ताप येतो, परंतु तोही तपासणीपर्यंत पोहोचेलच असे नाही. कंपनीत नोकरी करणाऱ्या तरुणाला रजेसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याच्याकडे विम्याचे किंवा ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड असते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्याची डेंग्यूसाठीची एनएस-१ रक्तचाचणी होते. त्याच घरातील स्त्री मात्र पॅरासिटामॉलची गोळी घेऊन डबे भरत राहते, आणि तिचा ताप कोणत्याच वहीत उतरत नाही. स्त्रियांचे दुखणे अंगावर काढणे ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. साथीच्या आकडेवारीत तिचे रूपांतर ‘स्त्रियांना डेंग्यू कमी होतो’ अशा निष्कर्षात होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा फरक आपल्यापुरता नाही. मलेशिया, सिंगापूर, श्रीलंका यांच्यासह सहा आशियाई देशांच्या नोंदींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पंधरा वर्षांपुढील डेंग्यू रुग्णांमध्ये पुरुषांचे प्रमाण सातत्याने अधिक आढळले होते. त्यातला काही भाग घराबाहेरच्या वावरामुळे आणि काही भाग तपासणीला कोण जाते यामुळे असावा. रुग्णालयाच्या वहीवरून या दोहोंची फारकत करता येत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन ताप विचारावा लागतो किंवा रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गानंतर शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने, तपासावी लागतात.

चावण्याची जागा हाही वेगळा विचार आहे. एडिस दिवसा चावतो, सूर्योदयानंतरचे काही तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास हा त्याचा मुख्य वेळ असतो, आणि जन्मल्या जागेपासून तो सहसा काही शे मीटरपलीकडे जात नाही. विषाणूला लांबवर नेतो तो माणूस. तुमच्या यादीतील रुग्ण कोपरखैरण्याच्या पत्त्यावर नोंदवलेला असला, तरी त्याला डास चावला तो महापे येथील कारखान्यात, तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात किंवा एखाद्या बांधकामावर असू शकतो. यादी पत्ता सांगते आणि फवारणीही त्या पत्त्याभोवती होते. रुग्ण दिवसाचे दहा तास कोठे होता, ही माहिती नोंदीत आली, तर अळ्या शोधणाऱ्या पथकाला योग्य जागी जाता येईल.

एवढे सगळे जमेला धरल्यावरही वयाचा मुख्य प्रश्न उरतोच. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकाराविरुद्ध बहुधा आयुष्यभराचे संरक्षण मिळते. इतर तिघांपासूनचे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे नव्या विषाणूला रोखण्याऐवजी पेशींत शिरण्यास मदत करू शकतात आणि आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे एखाद्या वयोगटाला किती धोका आहे, हे त्या वयोगटाने मागे काय सोसले आहे यावर अवलंबून असते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा क्यूबाने दिला. तेथे १९७७ मध्ये विषाणूच्या पहिल्या क्रमांकाच्या प्रकाराची मोठी पण सौम्य साथ आली, आणि १९८१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराची. या दुसऱ्या साथीत ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण दगावले, त्यांतली १०१ मुले होती. त्यानंतर क्यूबाने डासांविरुद्ध इतक्या नेटाने मोहीम चालवली की बराच काळ तेथे डेंग्यू जवळजवळ उरला नाही. १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा या शहरात तोच दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार पुन्हा शिरला, आणि या वेळी गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते, दगावलेले बारा जणही प्रौढच. विषाणू तोच आणि देशही तोच असताना वय मात्र उलटे का झाले? १९७७ च्या साथीच्या वेळी जे जन्मले होते, त्यांच्या रक्तात पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडे होती, आणि १९९७ पर्यंत ते मोठे झाले होते. त्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांची विषाणूशी ही पहिलीच गाठ होती, म्हणून त्यांचा आजार सौम्य राहिला. वीस वर्षांपूर्वीची एक साथ लोकसंख्येच्या शरीरात अशी नोंदलेली राहते.

‘डेंग्यू लहान मुलांचा आजार’ ही समजूत आग्नेय आशियातून आली. १९५० च्या दशकात मनिला आणि बँकॉक येथे रक्तस्रावी डेंग्यूच्या पहिल्या मोठ्या साथी आल्या तेव्हा रुग्णालये मुलांनीच भरली होती, कारण तेथे चारही प्रकारांची ये-जा इतकी होती की शाळेचे वय संपेपर्यंत बहुतेकांचे दोन संसर्ग होऊन जात. थायलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गंभीर रुग्णांचे सरासरी वय आठ वर्षांच्या आसपास होते. आज ते विशीच्या पलीकडे आहे. त्याचे एक मोठे कारण निव्वळ लोकसंख्याशास्त्रीय आहे. जन्मदर घटला की दरवर्षी लोकसंख्येत येणारी, पूर्वी कधीच संसर्ग न झालेली बालके कमी होतात; विषाणूला नवी माणसे कमी मिळतात, त्याचा फिरण्याचा वेग मंदावतो, आणि पहिला किंवा दुसरा संसर्ग व्हायला एकेका व्यक्तीला अधिक वर्षे लागतात. त्यासाठी डास कमी व्हावेच लागतात असे नाही, घरातली मुले कमी झाली तरी पुरते. सिंगापूरमध्ये हेच बदल १९७० नंतरच्या कडक डासनियंत्रणामुळे झाले. डास घटले, त्यामुळे माणसे प्रतिकारशक्तीविना मोठी झाली, आणि आता तेथील रुग्ण प्रामुख्याने प्रौढ असतात. २०२० मध्ये त्या लहानशा देशात ३५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले.

आपल्याकडचे चित्र या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत केलेल्या रक्त सर्वेक्षणात पाच ते आठ वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के, नऊ ते सतरा वर्षांच्या गटात ४१ टक्के आणि अठरा ते पंचेचाळीस वर्षांच्या गटात ५६ टक्के व्यक्तींना डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. पश्चिम विभागात हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या घरात होते, ईशान्येकडे अवघे पाच टक्के, आणि शहरांत खेड्यांपेक्षा बरेच जास्त. हे आकडे तुमच्या यादीशेजारी ठेवून पाहा. नवी मुंबईत बांधकामावर, गोदामात किंवा हॉटेलात कामाला आलेला विशीतला तरुण अनेकदा अशा गावातून आलेला असतो जेथे डेंग्यू फारसा पोहोचलेला नव्हता, आणि तो अशा शहरात येतो जेथे विषाणू दरवर्षी फिरतो. येथे लहानाचा मोठा झालेला त्याचा समवयस्क कदाचित नकळत एक-दोन संसर्ग पचवून बसलेला असतो. यादीत तरुण पुरुष अधिक दिसण्यामागे हा स्थलांतराचा भाग मोठा असावा, असे माझे मत आहे. महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ वर आला असल्यामुळे, थायलंडप्रमाणे आपल्या रुग्णांचेही वय यापुढे वाढत जाईल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य होईल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. डास शोधताना यादीतील तरुण दिवसा जेथे जातात त्या जागा पाहाव्यात. काळजी घेताना मात्र यादीत क्वचित दिसणाऱ्यांकडे, म्हणजे एका वर्षाच्या आतील बाळे, गर्भवती स्त्रिया, साठीपुढची माणसे आणि मधुमेही यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण रुग्णसंख्या एका वयोगटात अधिक आणि जिवाला धोका दुसऱ्याच वयोगटात अधिक, असे या आजारात नेहमीच घडते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या संकुलात विसाव्या मजल्यावरही डेंग्यूचे रुग्ण निघाले. घरकामाला येणाऱ्या महिला शेजारच्या वस्तीतून आजार घेऊन येतात, म्हणून साथ संपेपर्यंत त्यांना प्रवेश देऊ नये, असा ठराव संस्थेच्या सभेत मांडला गेला आहे. याला वैद्यकीय आधार आहे का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : नाही, आणि हा ठराव मंजूर होऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. आजारी व्यक्तीला चावलेल्या डासात विषाणू वाढायला आठ ते बारा दिवस लागतात आणि त्यानंतरच तो डास दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. तुमच्याकडे काम करणारी महिला सकाळी आठ ते दुपारपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी, म्हणजे नेमक्या एडिसच्या चावण्याच्या वेळी, तुमच्या इमारतीत असते. तुमच्या संकुलात डास असतील तर तीच तेथून संसर्ग घेऊन आपल्या घरी जाण्याची शक्यता तितकीच आहे, आणि तेथे एका खोलीत पाच माणसे राहतात. तिला मात्र कोणी विचारत नाही की हा ताप कोठून आणलास.

श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतला फरक खरा आहे, पण तो माणसांच्या अंगी नसून घरांच्या रचनेत असतो. अमेरिकेतील लारेडो आणि नदीपलीकडचे मेक्सिकोतील नुएव्हो लारेडो या जोडशहरांत १९९९ मध्ये पाहणी झाली. डासांच्या पैदाशीच्या जागा अमेरिकेच्या बाजूला अधिक होत्या, तरी डेंग्यूच्या संसर्गाचे प्रमाण मेक्सिकोच्या बाजूला बरेच अधिक निघाले. अमेरिकेच्या बाजूला घरे अंतरा-अंतरावर होती, खिडक्या बंद आणि वातानुकूलन चालू, त्यामुळे डास असूनही तो माणसापर्यंत पोहोचत नव्हता. तुमच्या उंच इमारतींना हे संरक्षण काही प्रमाणात मिळते. डोंगरउतारावरच्या दाटीच्या वस्तीला ते मिळत नाही, आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे पिंप भरून ठेवण्यावाचून तेथे इलाज नसतो.

या पिंपाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळूनही अळ्या का सापडतात असे अनेक जण विचारतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर आतल्या कडेला चिकटवते. काळ्या ठिपक्यांची बारीक रेघ म्हणून ती विजेरीच्या उजेडात जेमतेम दिसतात. पिंप ओतून रिकामे केले तरी ती तेथेच राहतात, कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत चढले की फुटतात. म्हणून पिंप काथ्याने किंवा घासणीने आतून खरवडून धुवावे लागते. तुमच्या संकुलात असेच पाणी शोधायचे तर पोडियमवरच्या कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरच्या टाकीचे सैल झाकण, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आणि शेजारी काम चालू असलेल्या इमारतीचा लिफ्टचा खड्डा किंवा स्लॅबवर मुरवण्यासाठी साठवलेले पाणी, येथून सुरुवात करावी. डास वीस मजले उडत चढत नसला, तरी लिफ्टने वर येतो, आणि वरच्या मजल्यावर कुंडीची बशी मिळाली की तेथेच पिढ्या वाढवतो.

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना सुरू आहे. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गर्भवती स्त्रिया बऱ्याच असल्याचे वाचले होते. गर्भवतींना हा डास अधिक चावतो का? (ऐरोली)

उत्तर : पुण्यातील नोंदींमध्ये गर्भवती स्त्रिया अधिक दिसल्या, त्याचे मुख्य कारण असे की रुग्ण सापडलेल्या परिसरात गर्भवतींची तपासणी जाणीवपूर्वक केली जात होती. झिकाचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ऐंशी टक्के व्यक्तींना लक्षणेच नसतात, त्यामुळे ज्या गटाचे रक्त तपासले जाते त्याच गटात रुग्ण सापडतात. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्येही नोंदींत प्रजननवयातील स्त्रिया ठळक दिसल्या, आणि तेथेही तपासणीला कोण आले याचा त्यात मोठा वाटा होता. गर्भवती स्त्रियांकडे डास अधिक आकर्षित होतात असे गॅम्बियातील एका अभ्यासात दिसले होते, परंतु तो मलेरियाचा डास होता. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला, तेव्हापासून गर्भवतींकडे विशेष लक्ष दिले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीला या विषाणूपासून असलेला धोका पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असला तरी तो नंतरही पूर्णपणे संपत नाही.

आपल्या सुनेच्या बाबतीत शेवटच्या आठवड्यांत चिकुनगुन्याचाही विचार हवा. हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर २००५-०६ मध्ये आलेल्या साथीत सुमारे एक तृतीयांश रहिवाशांना संसर्ग झाला होता, आणि तेथेच हे स्पष्ट झाले की प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर जवळजवळ निम्म्या बाळांना तो जातो आणि काहींना गंभीर आजार होतो. म्हणून प्रसूतीच्या सुमारास ताप आणि सांधेदुखी असेल, तर ती प्रसूतितज्ज्ञांना लगेच सांगावी. घरी सोसत बसू नये. दुपारी झोपताना मच्छरदाणी, अंगभर सुती कपडे आणि डीईईटी किंवा पिकॅरिडिन असलेले डास दूर ठेवणारे मलम वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरणे गरोदरपणात सुरक्षित मानले जाते. पती नुकताच झिकाग्रस्त भागातून आला असेल तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरावा, कारण हा विषाणू शरीरसंबंधातूनही जातो. सासूने हे सुनेशी बोलणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांना दोघांशी बोलायला सांगावे.

प्रश्न : माझी आई अडुसष्ट वर्षांची असून तिला मधुमेह आहे. तिला फारसा ताप नसताना डॉक्टरांनी डेंग्यूचे निदान केले. वयस्कांत हा आजार वेगळा असतो का? (कळवा)

उत्तर : होय. उतारवयात ताप कमी असू शकतो, अंग दुखत नाही, केवळ अशक्तपणा, भूक न लागणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा तोल जाऊन पडणे एवढेच दिसते, आणि त्यामुळे निदान उशिरा होते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांत आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते, शिवाय शिरेतून दिलेले द्रव जास्त झाले तर वृद्ध हृदयाला ते पेलवत नाही. आईंचा ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस सर्वांत जपण्याचे असतात, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याची अवस्था साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप कमी होत असतानाच येते. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्रीची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन देऊ नये. हृदयासाठी त्या रोज ॲस्पिरिन घेत असतील तर ती चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घरात सहा महिने ते एक वर्षाचे बाळ असेल तर त्याच्याकडेही असेच लक्ष हवे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे या काळात इतकी विरळ होतात की ती संरक्षण देत नाहीत, उलट आजार वाढवू शकतात.

प्रश्न : मला एकदा डेंग्यू होऊन गेला आहे. लस घ्यावी का? (नेरुळ)

उत्तर : डेंग्यूच्या लशीचा प्रश्नही ‘पूर्वी कोणाला झाला आहे’ याच माहितीपाशी येऊन थांबतो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना एक लस देण्यात आली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशांना ती दिल्यास पुढील संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. लस त्यांच्या शरीरात पहिल्या संसर्गासारखे काम करत होती. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या एका लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना डेंग्यूचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या भागांतील सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी करते. भारतात तयार झालेल्या लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढांवर सुरू झाली. तिचे निष्कर्ष येईपर्यंत आपण एवढे करावे : पुढच्या वेळी ताप आला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे की पूर्वी डेंग्यू झाला होता, आणि तेव्हाचा अहवाल जपून ठेवला असेल तर तो दाखवावा.

प्रश्न : मी ठाण्यातील महाविद्यालयात शिकतो. आमच्या वॉर्डातील डेंग्यूवर प्रकल्प करायचा आहे. रुग्णांचे वय आणि लिंग यांखेरीज काय नोंदवावे? (ठाणे)

उत्तर : रुग्णाचे नाव आणि घरक्रमांक मुळीच नोंदवू नका, वय पाच-पाच वर्षांच्या गटांत लिहा. ताप सुरू झाल्याची तारीख विचारा, कारण अहवालाची तारीख त्यानंतर आठवडाभराने असू शकते. त्या आधीच्या दोन आठवड्यांत सकाळी आणि संध्याकाळी तो कोठे होता, या शहरात किती वर्षे राहतो, कोठे वाढला आणि पूर्वी असा ताप आला होता का, हे विचारा. त्याबरोबर शेजारच्या, रुग्ण नसलेल्या घरांतही जाऊन गेल्या महिन्यात कोणाला ताप आला आणि त्यातल्या कोणी रक्त तपासले, हे विचारा. हा प्रश्न घरातल्या स्त्रीला वेगळा आणि स्वतःविषयी विचारा. पुरुषाने सर्वांच्या वतीने उत्तर दिले तर तिच्या तापाचा उल्लेख बहुधा येणार नाही.